जीर्णोद्धार अडतो कुठे?

सप्टेंबर २०१२. अ‍ॅटलस पार्क नावाच्या चौकात गर्दी हातात मशाली धरून उभी आहे. चौक खरा नाही, मशालीही खऱ्या नाहीत. 'सिटी ऑफ हीरोज' या ऑनलाइन खेळातलं हे शहर. ३१ ऑगस्टला एनसीसॉफ्ट या कोरियन कंपनीनं खेळ बंद करत असल्याचं जाहीर केलं होतं. आठ वर्षं ज्यांनी इथे आपापला सुपरहीरो घडवला, रात्ररात्र एकत्र लढाया केल्या, ते निषेधाला जमले होते. कंपनी बधली नाही. ३० नोव्हेंबरला सर्व्हर, म्हणजे खेळ चालवणारी कंपनीची मशीनं, बंद झाले आणि शहर गेलं.

पुढे याच शहराच्या बाबतीत दोन गोष्टी घडल्या. त्या शेजारी शेजारी ठेवल्या की बंद पडलेले ऑनलाइन खेळ खेळाडूंनीच पुन्हा उभे करण्याबद्दल मला जे म्हणायचं आहे त्यातलं अर्धं आपोआप सांगून होतं.

पहिली अशी. कंपनी देत नाही तर आपलं शहर आपणच बांधू, असं काही खेळाडूंनी ठरवलं. 'मिसिंग वर्ल्ड्स मीडिया' नावानं गट झाला, होऊ घातलेल्या खेळाचं नाव ठरलं 'सिटी ऑफ टायटन्स'. २०१३ च्या शरदात त्यांनी किकस्टार्टर या लोकवर्गणीच्या संकेतस्थळावर ३ लाख २० हजार डॉलर मागितले. लोकांनी दिले सुमारे ६ लाख ७८ हजार. कामाला लागलेली मंडळी बहुतेक स्वयंसेवक, नोकऱ्या सांभाळून रात्री बसणारी. माणसं होती, पैसा होता, सदिच्छा तर उतू जात होती. त्यानंतर दहा वर्षं उलटली तरी तो खेळ सगळ्यांसाठी उघडला नव्हता. मधल्या काळात पात्र सजवण्याचं दालन दिसलं, चाचण्या झाल्या, खुलासे झाले. दार काही उघडलं नाही.

दुसरी गोष्ट २०१९ च्या एप्रिलमध्ये बाहेर आली. एका छोट्या गटाकडे मूळ सर्व्हरचा कोड पोचला होता आणि तो खेळ ते जवळजवळ सहा वर्षं गुपचूप, ओळखीपाळखीच्या माणसांपुरता चालवत होते. बाकीच्यांना कळल्यावर जो गदारोळ झाला तो साहजिकच होता. आम्ही रडत बसलो आणि तुम्ही आत खेळत होतात? गदारोळापायी कोड सगळ्यांसाठी मोकळा झाला आणि काही आठवड्यांत 'होमकमिंग' नावाचा सर्व्हर उभा राहिला. तोही स्वयंसेवकांचाच. महिन्याचा खर्च भागेल एवढी देणगी जमली की हे लोक देणगी घेणं थांबवतात. जानेवारी २०२४ मध्ये एनसीसॉफ्टनंच त्यांना रीतसर परवाना दिला.

एकाच खेळावर जीव असलेली माणसं, तळमळही तीच. एकीकडे दहा वर्षांत दार उघडलं नाही, दुसरीकडे काही आठवड्यांत उघडलं. तरी असे प्रकल्प रखडले की लोक म्हणतात, पोरासोरांचा उत्साह, चार दिवसांचा. आपसात भांडले असतील. पैसे खाल्ले असतील. मला हे निदान पटत नाही. भांडणं होतात, पैशाचे घोळही होतात, पण ती पुढची लक्षणं. मूळ दुखणं असं की स्वयंसेवक एखादी गोष्ट चालवू शकतात, शून्यातून उभारू शकत नाहीत. आणि बंद पडलेल्या ऑनलाइन खेळाच्या बाबतीत आपण त्यांच्याकडे नेमकी उभारणीच मागतो.

हे आपल्याकडच्या माणसाला वेगळं समजावून सांगायला नको. कुठल्याही तालुक्याच्या रस्त्यानं जा, एक तरी देऊळ असं दिसेल की ज्याच्या सभामंडपाच्या खांबांतून गंजक्या सळया वर आलेल्या आहेत. बाजूला फलक: जीर्णोद्धाराचं काम चालू आहे, सढळ हातानं मदत करावी. फलकावरचं साल वाचता येत नाही. आत मात्र रोज दिवा लागतो, गुरुवारची आरती चुकत नाही, सप्ताहाला पंगती उठतात. म्हणजे भक्ती कमी नाही आणि माणसंही कमी नाहीत. आरतीला आज बंडोपंत नाही आले तर दुसरा कुणी टाळ घेतो. स्लॅब टाकायचा तर खडी, सिमेंट, सेंटरिंग, गवंडी आणि पाणी मारणारा असे सगळे एकाच दिवशी हजर लागतात, त्यातला एक नाही आला की काम तसंच पडून राहतं. उत्साहाला खाडा चालतो, बांधकामाला चालत नाही.

ऑनलाइन खेळात हे जास्तच बोचतं, कारण खेळाचा अर्धा भाग खेळणाऱ्याच्या हातात कधी आलेलाच नसतो. तुम्ही दुकानातून आणलेल्या सीडीत किंवा डाउनलोड केलेल्या फाइलीत चित्रं असतात, आवाज, नकाशे, चालण्याबोलण्याच्या हालचाली असतात. राक्षस कधी चिडतो, तलवारीचा घाव किती बसतो, मेलेल्या वाघाकडे काय सापडतं, बाजारात भाव कसा ठरतो, हे सगळं कंपनीच्या मशीनवर ठरतं. तुमच्या संगणकाला फक्त निकाल कळवला जातो. कंपनीनं सर्व्हर बंद केला की तुमच्याकडे उरतं ते नाटकाचं नेपथ्य, संहिता गेलेली असते.

मी स्वतः तीन वर्षं अशा एका प्रकल्पात होतो. खेळाचं नाव सांगत नाही, कारण तिथली मंडळी अजून झगडताहेत आणि माझ्या लेखानं त्यांच्या दारात वकील उभा राहावा असं मला वाटत नाही. काम काय होतं ते मात्र सांगतो. खेळ जिवंत असताना काही दूरदर्शी लोकांनी सर्व्हर आणि खेळाडूचा संगणक यांच्यातली देवाणघेवाण रेकॉर्ड करून ठेवली होती. नुसत्या आकड्यांच्या ओळी. त्या वाचून सर्व्हर कसा विचार करत असेल याचा अंदाज बांधायचा आणि तसा नवा सर्व्हर लिहायचा.

माझ्या वाट्याला आलं खुर्चीवर बसणं. पात्र खुर्चीजवळ जातं, बसतं, एवढंच. त्यासाठी सर्व्हर तेवीस बाइटचा, म्हणजे तेवीस आकड्यांचा, एक निरोप पाठवायचा. एकोणीस बाइट आम्हाला कळले होते: कोण बसतंय, कुठल्या खुर्चीवर, तोंड कुठे करून. उरलेले चार जवळजवळ नेहमी शून्य. क्वचित कुठे १, एकदा २. मी त्या चार बाइटांवर दीड महिना घालवला. दिवसा हिंजवडीत ऑफिसचं काम आणि रात्री अकरानंतर हे. खुर्चीचा रंग असेल? बसण्याची ढब? पात्र दमलेलं आहे की नाही? शेवटी ब्राझीलमधल्या एका मुलानं जुना व्हिडिओ शोधून काढला. त्यात तीन पात्रं एका बाकावर बसलेली होती, आणि नेमका त्याच प्रसंगाचा रेकॉर्ड आमच्याकडे होता. ते चार बाइट म्हणजे बाकावरची कितवी जागा, एवढंच. आमच्या बहुतेक रेकॉर्डिंगमध्ये माणसं एकटीच बसलेली होती, म्हणून शून्य.

त्या रात्री मला फार आनंद झाला, खोटं कशाला सांगू. तो कुणाला सांगायचा मात्र प्रश्न पडला. बायकोला सांगितलं, तिनं 'अरे वा' म्हटलं आणि कूस बदलली. आमच्या गटात चौघांना कळलं. ज्या खेळात हजारो लोक बाकावर बसत होते, तिथे आता बसायला कुणीच नव्हतं. अशा आनंदावर एक माणूस वर्ष-दीड वर्ष निघतो. मग त्याला मूल होतं किंवा नोकरी बदलते, आणि त्याच्या डोक्यातलं सगळं त्याच्याबरोबर जातं. पुढचा येतो तो वाचायला बसतो, दोन महिने वाचतो, निघून जातो.

होमकमिंगसारख्या ठिकाणी याच माणसाचं काय होतं बघा. तो संध्याकाळी एका चुकलेल्या संवादाची दुरुस्ती करतो, दुसऱ्या दिवशी हजारो खेळाडू ती वाचतात, कुणी तरी धन्यवाद म्हणतं, कुणी तरी खोड काढतं. माणसाला परत यायला एवढं पुरतं. कुणी भांडणं सोडवतं, कुणी नव्या माणसाला रस्ता दाखवतं, कुणी शनिवारी स्पर्धा भरवतं. यातलं एकही काम दुसऱ्यावर फारसं अडलेलं नसतं. स्वयंसेवा इथे फुलते, आपल्या गल्लीतलं गणपती मंडळ फुलतं तशी. मंडळाच्या हाती तर आणखी एक हुकमी गोष्ट असते: तारीख. चतुर्थी पुढे ढकलता येत नाही. मखर अर्धवट असलं तरी सकाळी मूर्ती येतेच, आणि लोक अर्ध्या मखराला नमस्कार करून पुढे जातात.

खेळ पुन्हा उभारणाऱ्यांना चतुर्थी नसते आणि त्यातल्या बहुतेकांना अर्धं मखर मंजूरही नसतं. हा त्यांचा स्वतःचा दोष, तो मी लपवणार नाही. 'स्टार वॉर्स गॅलक्सीज'चं उदाहरण यात बोलकं आहे. खेळ जून २००३ मध्ये आला. एप्रिल २००५ मध्ये लढाईचे नियम बदलले, त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये अख्खा खेळच उलटापालटा केला गेला, आणि जुने खेळाडू इतके दुखावले गेले की त्या बदलाची आद्याक्षरं आजही शिवीसारखी वापरली जातात. १५ डिसेंबर २०११ ला खेळ बंद पडला. आता पुन्हा उभारायचा तर कोणता? एसडब्ल्यूजीएमू या प्रकल्पानं फार आधीच, खेळ चालू असतानाच, उत्तर ठरवलं होतं: पहिल्या बदलाच्या आधीचा, तसाच्या तसा. तो जमाना ज्यांनी पाहिला त्यांना ते पटलं. पण 'तसाच्या तसा' या दोन शब्दांनी वर्षंच्या वर्षं खाल्ली. जुन्या खेळातल्या चुकासुद्धा चुका म्हणून परत आणायच्या होत्या. ज्यांनी नंतरच्या काळातच खेळायला सुरुवात केली त्यांच्या आठवणीतला खेळ वेगळाच. मग काही वर्षांनी मूळ कोड फुटला, आणि २०१६ मध्ये 'लेजेंड्स' नावाचा सर्व्हर त्या फुटलेल्या कोडावर, खेळाच्या शेवटच्या रूपात सुरू झाला. लोक गेले तिकडे. दहा वर्षं नियम पाळून मेहनत करणाऱ्यांच्या मनात काय आलं असेल, याची मला कल्पना आहे.

आठवण ही फार वाईट गिऱ्हाईक. तिला नमुना दाखवा, ती म्हणते, हे नाही. आजोळच्या आमटीसारखं आहे हे. तेच तिखट, तीच डाळ, तोच खलबत्ता, तरी चव लागत नाही, कारण त्या चवीत आपलं दहा वर्षांचं वय मिसळलेलं होतं. खेळ उभारणारे बहुतेक प्रकल्प 'पूर्ण झाल्यावर दार उघडू' म्हणतात, आणि पूर्णत्वाचं माप आठवणीच्या हाती देतात. मग दार कधीच उघडत नाही. आणि दार बंद राहिलं की आत भांडणं सुरू होतात. खेळायला कुणी आलेलंच नसतं, त्यामुळे उरतं काय, तर पदं. मुख्य कोण, मॉडरेटर कोण, कुणाचा कोड घ्यायचा आणि कुणाचा नाही. एक जण रुसून कोड घेऊन जातो, दुसरा प्रकल्प काढतो, आधीच तुटपुंजी असलेली माणसं दोन्हीकडे वाटली जातात. डोमेन, म्हणजे संकेतस्थळाचा पत्ता, एकाच्या क्रेडिट कार्डावर असतं आणि तो सहा महिने मेलला उत्तर देत नाही. आमच्याकडे हेही झालं. त्याच्याबद्दल जास्त लिहीत नाही, प्रत्येक सोसायटीच्या व्यवस्थापन समितीत ते होतं.

पैशाचंही तसंच. वर्गणी जमली की काम वेगानं होईल असं बाहेरून वाटतं. प्रत्यक्षात हौसेचं रूपांतर कर्जात होतं. जो काल आवडीनं रात्री बसत होता तो आज हजारो लोकांचं देणं लागतो, पगार मात्र त्याला मिळत नाही. पावणेसात लाख डॉलर ऐकायला मोठे वाटतात, पण मोठा ऑनलाइन खेळ बांधायला पगारी माणसांची फौज वर्षानुवर्षं लागते, आणि तिथे ही रक्कम चहापाण्यात जाईल. म्हणून 'एवढे पैसे घेऊन काय केलं?' असं विचारणाऱ्यांचा राग मला कळतो, पण तो चुकीच्या माणसांवर निघतो.

राग कुणावर निघायला हवा, हा सार्वजनिक प्रश्न आहे, आणि तो मला खेळांपेक्षा मोठा वाटतो. आजची व्यवस्था अशी आहे की प्रामाणिक माणूस रखडतो आणि ज्याच्या हाती फुटलेला कोड लागतो तो महिन्यात शहर वसवतो. नियम पाळणाऱ्याला ही शिक्षा झाली. बरं, फुटलेला कोड वापरणाऱ्याचंही खरं नाही. कंपनीच्या मनात आलं तर परवाना मिळतो, जसा होमकमिंगला मिळाला; नाही आलं तर नोटीस येते. 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट'चं मूळ रूप चालवणारा 'नॉस्टॅल्रियस' हा हौशी सर्व्हर, खेळाची मालक कंपनी ब्लिझार्डच्या वकिलांच्या पत्रानंतर १० एप्रिल २०१६ ला बंद झाला. चालकांच्या सांगण्यानुसार तेव्हा तिथे दीड लाख सक्रिय खेळाडू होते. तीन वर्षांनी, ऑगस्ट २०१९ मध्ये, ब्लिझार्डनं तेच जुनं रूप 'क्लासिक' म्हणून स्वतः बाजारात आणलं. मागणी आहे हे फुकट दाखवून दिलं हौशी लोकांनी. डिस्नेनं मार्च २०१७ मध्ये 'क्लब पेंग्विन' हा मुलांचा ऑनलाइन खेळ बंद केल्यावर चालत आलेला 'क्लब पेंग्विन रीरिटन' एप्रिल २०२२ मध्ये बंद झाला तेव्हा तर लंडन शहर पोलिसांनी तिघांना अटक केली होती. त्याच डिस्नेच्या 'टूनटाउन'चा हौशी अवतार, 'टूनटाउन रीरिटन', २०१३ पासून खेळाडूंकडून पैसे न घेता चालू आहे. एकाच मालकाची दोन घरं, दोन वेगळे न्याय. असा नियम कुणी पाळायचा आणि कसा?

टूनटाउनचं आणखी एक आहे. ते ज्या इंजिनवर, म्हणजे पायाभूत प्रोग्रॅमवर, चालायचं ते पँडा थ्रीडी डिस्नेनं २००२ मध्येच मुक्त केलेलं होतं, आणि खेळाचं बरंचसं तर्कशास्त्र पायथन या संगणकी भाषेत लिहिलेलं, म्हणजे वाचता येईल असं. उभारणीचा मोठा भाग आधीच हातात होता. हा प्रकल्प तगला याचं श्रेय चालकांच्या शिस्तीला आहेच, पण त्यांना पाया आयता मिळाला हेही तितकंच खरं.

पाया रीतसर मिळाला तर काय होतं याची उदाहरणं कमी आहेत, पण आहेत. लुकासफिल्मचा 'हॅबिटाट' हा १९८० च्या दशकातला, कमोडोर ६४ या घरगुती संगणकावरचा खेळ. चित्रांच्या जगात अनेकांनी एकत्र वावरायचं, ही कल्पना सुरुवातीला राबवणाऱ्यांतला. त्याचा कोड मूळ कर्त्यांच्या पुढाकारानं २०१६ मध्ये मुक्त झाला आणि स्वयंसेवकांनी तो 'निओहॅबिटाट' म्हणून पुन्हा चालता केला. १९९६ च्या 'मेरिडियन ५९'चा कोड २०१२ मध्ये मोकळा झाला. 'मिस्ट ऑनलाइन: उरू लाइव्ह' दोनदा बंद पडला, मग २०१० मध्ये सायन कंपनीनं तो देणग्यांवर, फुकट, पुन्हा उघडला आणि पुढच्या वर्षी इंजिनही खुलं केलं. यातला एकही खेळ आज लाखोंची गर्दी खेचत नाही. खेचायला कशाला हवी? गावात चाळीस घरं असली तरी ते गाव असतं.

आपल्या इथलं उदाहरण तर सगळ्यांच्या ओळखीचं. २००० नंतरच्या दशकात पुण्यात सदाशिव पेठेतल्या एका नेट कॅफेत आम्ही तासाला वीस रुपये देऊन काउंटर स्ट्राइक खेळायचो. कॅफेचा मालक कोपऱ्यातल्या जुन्या मशीनवर सर्व्हर सुरू करायचा आणि ओरडायचा, 'झाला रे, या आत!' त्याला कुणाची परवानगी लागत नव्हती, कारण सर्व्हरचा प्रोग्रॅम कंपनी खेळाबरोबरच देत होती. तो कॅफे गेला, तिथे आता मोबाइलची कव्हरं मिळतात. काउंटर स्ट्राइक १.६ चे हौशी सर्व्हर मात्र जगभर अजून चालू आहेत. त्याचं पुनरुज्जीवन करायची वेळच आली नाही. जे आधीच वाटून टाकलेलं असतं ते बुडत नाही.

म्हणून माझी मागणी साधी आहे. ज्या दिवशी कंपनी ऑनलाइन खेळ बंद करते त्या दिवशी तिनं तीनपैकी एक करावं: कुणाला तरी परवाना द्यावा, किंवा खेळ सर्व्हरशिवाय चालेल असा करून द्यावा, किंवा सर्व्हरचा प्रोग्रॅम खेळाडूंची खासगी माहिती काढून मोकळा करावा. युरोपात हीच दिशा धरून 'स्टॉप किलिंग गेम्स' ही मोहीम उभी राहिली आहे. युबिसॉफ्टनं 'द क्रू' या मोटार शर्यतीच्या खेळाचे सर्व्हर मार्च २०२४ अखेर बंद केले, पैसे मोजून घेतलेला खेळ लोकांच्या कपाटात निकामी झाला, आणि रॉस स्कॉट या यूट्यूबवरच्या माणसानं त्यावरून रान उठवलं. युरोपीय संघाकडच्या त्यांच्या नागरिक याचिकेनं जुलै २०२५ मध्ये दहा लाख सह्यांचा टप्पा ओलांडला.

कंपन्यांचे आक्षेप अगदीच पोकळ आहेत असं नाही. सर्व्हरच्या कोडात दुसऱ्या कंपन्यांकडून भाड्यानं घेतलेले भाग असतात, ते फुकट वाटता येत नाहीत. हौशी सर्व्हरवर मुलांच्या सुरक्षेची जबाबदारी कुणाची? आजचे खेळ एका मशीनवर चालत नाहीत, पन्नास सेवांच्या जाळ्यावर चालतात. हे सगळं खरं. जुन्या खेळांच्या बाबतीत मी त्यातलं पुष्कळ मान्यही करीन. पण उद्या लिहिल्या जाणाऱ्या खेळांचं काय? शेवट कसा करायचा हे पहिल्या दिवशीच ठरवलं तर भाड्याचे भाग वेगळे ठेवता येतात. इमारत बांधताना आगीची वाट ठेवायला लावतोच ना आपण? बिल्डर तेव्हाही खर्चाचंच रडगाणं गात होते.

कायदा इतरत्र किती कंजूषपणा करतो तेही बघण्यासारखं आहे. अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयानं २०१८ मध्ये ग्रंथालयांना आणि संग्रहालयांना बंद पडलेले ऑनलाइन खेळ जपून चालवायची सूट दिली, पण आपल्या इमारतीच्या आत, आणि सर्व्हरचा कोड त्यांना कायदेशीररीत्या मिळालेला असेल तर. २०२४ मध्ये संशोधकांना जतन केलेले खेळ दुरून उघडून बघू द्यावेत ही मागणी फेटाळली गेली. हजारो माणसांनी एकत्र राहायचं शहर, आणि ते बघायचं एका खोलीत जाऊन. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम ५२ या बाबतीत जरा उदार आहे: स्वतंत्रपणे लिहिलेला प्रोग्रॅम दुसऱ्याशी जुळवून घेण्यासाठी लागणारी माहिती, ती सहज मिळत नसेल तर, शोधून काढायची मुभा ते देतं. म्हणजे माझे ते चार बाइट शोधणं इथे बहुधा गुन्हा ठरलं नसतं. पण मुभा खिडकीतून डोकावण्याची आहे, किल्ली मिळत नाही. आणि खिडकीतून बघून घर बांधायला किती वर्षं लागतात हे वर आलंच आहे.

हे खेळापुरतं आहे असं समजून कुणी सोडून देऊ नये. घरातला कॅमेरा, मुलांचं शिकण्याचं अ‍ॅप, मनगटावरचं घड्याळ, सगळ्यांचा अर्धा भाग आता दुसऱ्याच्या मशीनवर असतो. सप्टेंबर २०२० मध्ये सरकारनं पबजी मोबाइलवर बंदी घातली आणि ऑक्टोबरअखेर इथले सर्व्हर थांबले, तेव्हा आमच्या सोसायटीतल्या पोरांना एका रात्रीत कळलं की आपली म्हणून जी वस्तू होती ती आपली कधीच नव्हती. बंदी योग्य की अयोग्य हा वेगळा वाद. पोरांच्या चेहऱ्यावर मात्र अ‍ॅटलस पार्कमध्ये उभ्या राहिलेल्यांचाच भाव होता.

शेवटी त्या बाकाच्या प्रकल्पाबद्दलच एक सांगतो. तिसऱ्या वर्षी आम्ही राक्षसांवर अडलो होतो. जंगलातले लांडगे माणसावर कधी धावून जातात आणि कधी दुर्लक्ष करतात याचा नियम काही केल्या सापडेना. अंतर मोजलं, पात्राची ताकद बघितली, दिवस-रात्र तपासली. एके रात्री डिस्कॉर्डवर, आमच्या गटाच्या गप्पांच्या जागी, एक नवा माणूस आला. नाव टोपणच. त्यानं विचारलं, लांडग्यांचं कुठवर आलंय? आम्ही सगळं दाखवलं, तक्ते, आलेख, दोन हजार नोंदी. तो बराच वेळ गप्प होता. मग लिहिलं की हा भाग मीच लिहिला होता, पंधरा वर्षांपूर्वी, पण करारावर सही केलेली आहे, सांगू शकत नाही. आमच्यातल्या एकानं विचारलं, निदान एवढं तरी सांगा, आम्ही जवळ आहोत का? पडद्यावर तो टाइप करत असल्याची तीन टिंबं बराच वेळ हलत राहिली. मग उत्तर आलं: तुम्ही चुकीच्या जागी शोधताय. आणि तो निघून गेला.

रात्रीचा दीड वाजला होता. आम्ही चौघांनी तक्ते बंद केले आणि पहिल्या नोंदीपासून पुन्हा सुरुवात केली.